अंतराळ स्थानकावरचा हॅम रेडिओ, विदर्भातल्या गावातून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतले शिक्षक, कॉलेजची मुलं आणि रेडिओची आवड असलेली गावाकडची माणसं आम्हाला हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं विदर्भातली परिस्थिती धरून दिली आहेत: वीज, ऊन, वावर आणि तालुक्याच्या बाजारात मिळणारं सामान.

स्थानकावर हॅम रेडिओ कशासाठी ठेवला आहे?

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवला जाणारा रेडिओ. स्थानकाचा कामकाजाचा संपर्क वेगळ्या यंत्रणेतून चालतो. हॅम सेट आहे तो अंतराळवीरांनी शाळांशी आणि जमिनीवरच्या हॅम मंडळींशी बोलावं म्हणून. अवकाशातून पहिला हॅम संपर्क १९८३ साली झाला. कोलंबिया यानाच्या एसटीएस-९ मोहिमेत ओवेन गॅरियट हातात धरायचा सेट घेऊन बोलले. त्यांची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, डब्ल्यू५एलएफएल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पहिली तुकडी नोव्हेंबर २००० मध्ये पोहोचली, त्याच महिन्यात हॅम सेट बोलू लागला आणि डिसेंबरात शिकागोजवळच्या एका शाळेशी पहिला शालेय संपर्क झाला. सध्या कोलंबस मॉड्यूलमध्ये २०२० साली बसवलेला केनवूडचा टीएम-डी७१०जीए हा सेट आहे. रशियन बाजूला झ्वेझ्दा मॉड्यूलमध्येही एक सेट आहे. हा सगळा उपक्रम 'एरिस' ही आंतरराष्ट्रीय संघटना चालवते.

जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी याच व्यवस्थेतून बंगळूरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या.

खेड्यातून हे खरंच ऐकू येतं का? उंच टॉवर लागत असेल ना?

टॉवर लागत नाही. स्थानक साधारण ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून जातं. डोक्यावर असताना ते नागपूर–पुणे अंतरापेक्षाही जवळ असतं आणि मध्ये डोंगर नाही, इमारत नाही. क्षितिजावर असताना मात्र तेच अंतर सुमारे २,३०० किलोमीटर होतं, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी आवाज खरखरतो. मधली चार-पाच मिनिटं स्वच्छ येतात.

खेड्याची बाजू इथे शहरापेक्षा वरचढ आहे. चहूबाजूंनी मोकळं क्षितिज आणि विजेच्या उपकरणांचा कमी गोंगाट, या दोन गोष्टी नागपुरातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत पैसे मोजूनही मिळत नाहीत.

कोणत्या फ्रिक्वेन्सीवर काय असतं?

१४५.८०० मेगाहर्ट्झ, एफएम: अंतराळवीरांचा आवाज आणि अधूनमधून येणारी चित्रं. सुरुवात इथूनच करा.

१४५.८२५ मेगाहर्ट्झ: पॅकेट, म्हणजे १२०० बॉड वेगाचे डिजिटल संदेश. कानाला नुसती चिरचिर येते. कॉम्प्युटरवरचं डायरवुल्फ किंवा फोनवरचं एपीआरएसड्रॉइड हे सॉफ्टवेअर त्यातून मजकूर काढून देतं.

४३७.८०० मेगाहर्ट्झ: रिपीटरचा आवाज. खालून १४५.९९० वर पाठवलेलं बोलणं स्थानक इथे परत सोडतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण निम्मे लोक इथेच निराश होतात. या सगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू नसतात आणि १४५.८०० वर तर बहुतेक वेळ शांतताच असते. यान जोडताना किंवा सुटताना, आणि अंतराळवीर बाहेर चालायला निघाले की सेट बंद ठेवले जातात. बाहेर पडण्याआधी एरिसच्या संकेतस्थळावर स्टेशनची सद्यस्थिती बघा. रिपीटर किंवा पॅकेट चालू असेल तर पहिला प्रयत्न त्यावर करा, आठवडाभर १४५.८०० वर वाट बघण्यापेक्षा ते बरं.

स्थानक आपल्या गावावरून कधी जातं, हे कसं कळणार?

मोबाइलवर 'हेवन्स अबव्ह' किंवा 'आयएसएस डिटेक्टर' टाका आणि ठिकाण स्वतःच्या गावाचं द्या. जिल्ह्याच्या गावाचं दिलं तरी रेडिओपुरतं चालतं. स्थानक आपल्यावरून एकदा उगवून मावळतं त्या खेपेला 'पास' म्हणतात. अ‍ॅप फक्त डोळ्यांना दिसणारे पास दाखवत असेल तर 'सर्व पास' हा पर्याय निवडा. रेडिओला दिवस-रात्र सारखीच.

पासच्या माहितीतले चार आकडे बघायचे: उगवण्याची वेळ, मावळण्याची वेळ, दोन्हीच्या दिशा आणि जास्तीत जास्त उंचीचा कोन. कोन ३० अंशांच्या वर असेल तरच नवख्याने बाहेर पडावं. ६०च्या वरचा पास सोडू नये. १० अंशांचा पास मोठ्या अँटेनावाल्यांसाठी ठेवा.

आपण २०-२१ अक्षांशावर आहोत आणि स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंश कललेली आहे. त्यामुळे ते आपल्याकडे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे तिरपं जातं. एक फेरी साधारण ९३ मिनिटांची. लांबलचक पास झाला तरी दहा-अकरा मिनिटांत संपतो, म्हणून उगवण्याच्या पाच मिनिटं आधी सगळं जोडून तयार असावं.

एरिसच्या संकेतस्थळावरच्या वेळा बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात; त्यात साडेपाच तास मिळवा. स्थानकावरचं घड्याळही यूटीसीवर चालतं. अंतराळवीर सकाळी ६ ला उठतात, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा, आणि रात्री साडेनऊला झोपतात, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे तीन. त्यांची रात्रीची मोकळी वेळ आपल्या मध्यरात्रीनंतर येते. शनिवार-रविवारी ते हौसेने बोलायला बसण्याची शक्यता अधिक.

कॉम्प्युटरवर पासच्या वेळा काढणारं जीप्रेडिक्ट वापरत असाल तर कक्षेची माहिती दर दोन-तीन दिवसांनी ताजी करा. स्थानकाची कक्षा अधूनमधून इंजिन चालवून उचलतात आणि जुन्या माहितीवर वेळ चुकते.

रिसीव्हर कोणता घ्यावा?

फक्त ऐकायचं असेल तर आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, हा सगळ्यात सरळ मार्ग. मोठ्या पेनड्राइव्हएवढा असतो, लॅपटॉपला लागतो आणि ओटीजी केबलने बऱ्याच अँड्रॉइड फोनलाही लागतो. घेताना त्यात 'टीसीएक्सओ', म्हणजे तापमान बदललं तरी न सरकणारं क्रिस्टल, आहे का ते विचाराच. साध्या क्रिस्टलचा डोंगल तापला की फ्रिक्वेन्सी सरकते. ५० पीपीएमची (दहा लाखांत ५० भागांची) चूक म्हणजे १४५.८०० वर सात किलोहर्ट्झ, म्हणजे तुम्ही स्थानकाच्या शेजारी कान लावून बसलात. आपल्याकडच्या मे महिन्यात हे हमखास होतं.

सेटिंग असं ठेवा: मोड एनएफएम (अरुंद एफएम), रुंदी १५ ते २० किलोहर्ट्झ, स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडा, आपोआप गेन (सिग्नल वाढवण्याची सोय) बंद आणि हाताने ३० ते ४० डीबी. गेन शेवटपर्यंत वर नेला की आकाशवाणीच्या एफएम केंद्राचा आवाज भलत्याच जागी उमटू लागतो. तसं झालं तर गेन उतरवा; तरी जाईना तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर मध्ये लावा.

घरातल्या साध्या एफएम रेडिओवर हे लागत नाही. तो १०८ मेगाहर्ट्झलाच संपतो.

अँटेना घरी करता येते का?

येते, आणि करावीच. महागडा रिसीव्हर आणि डोंगलसोबत आलेली वीतभर काडी यापेक्षा साधा डोंगल आणि हाताने केलेली यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, कधीही सरस. पैसे कुठे घालावे असं कोणी विचारलं तर आमचं उत्तर अँटेना हेच असतं.

सामान: एक इंच रुंदीचा पोलादी मेजर टेप (जुना, स्प्रिंग तुटलेला चालतो), अर्धा इंची पीव्हीसी पाइप सुमारे एक मीटर, दोन क्रॉस आणि एक टी, सहा होज क्लॅम्प, बारा-तेरा सेंटिमीटर तांब्याची तार आणि केबल. पाइप, क्रॉस, टी आणि क्लॅम्प मोटारपंपाच्या किंवा ठिबकच्या दुकानात एकाच फेरीत मिळतात.

टेपचे चार तुकडे कापा. मागचा (रिफ्लेक्टर) १०५ सेंटिमीटर, पुढचा (डायरेक्टर) ८९ सेंटिमीटर आणि मधल्यासाठी प्रत्येकी ४५ सेंटिमीटरचे दोन. मागचा ते मधला अंतर २० सेंटिमीटर, मधला ते पुढचा ३२ सेंटिमीटर. मधल्या दोन तुकड्यांत अडीच सेंटिमीटर फट ठेवून ते क्रॉसवर क्लॅम्पने आवळा. ते एकमेकांना टेकता कामा नयेत. तांब्याची तार इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिची दोन टोकं त्या दोन तुकड्यांना डाग देऊन (सोल्डर करून) जोडा. त्याच दोन जागी केबलची मधली तार एका बाजूला आणि जाळी दुसऱ्या बाजूला जोडा.

टेपवरचा पिवळा रंग खरवडल्याशिवाय डाग बसत नाही. पॉलिश पेपरने दोन सेंटिमीटर पोलाद चकचकीत दिसेपर्यंत घासा, लगेच फ्लक्स लावा आणि आधी टेपवर शिशाचा पातळ थर चढवा. मगच तार ठेवा. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न इथे कमी पडते, कारण पोलाद उष्णता ओढून घेतं. ६० वॅटची वापरा. डाग करड्या गोळ्यासारखा वर बसला असेल तर तो धरलेला नाही. नखाने ओढून बघा, निघतोच. टेपची कापलेली टोकं पात्यासारखी धारदार असतात आणि ती नेमकी डोळ्यांच्या उंचीवर येतात. मुलांच्या हातात देण्याआधी प्रत्येक टोकाला चिकटपट्टीचे तीन-चार वेढे घाला.

इतकं जमणार नसेल तर ४९ सेंटिमीटरच्या दोन तारा १२० अंशांच्या कोनात आडव्या लावा. उंच पास त्यावरही ऐकू येतो.

डिशची केबल वापरली तर चालेल का?

ऐकण्यासाठी बिनधास्त. आरजी-६ ही ७५ ओहमची आणि डोंगल ५० ओहमचा, पण या फरकाने होणारं नुकसान नगण्य आहे. उलट बारीक आरजी-५८ दहा मीटरमध्ये जवळपास दोन डीबी खाते, डिशची केबल त्याच्या निम्म्याहूनही कमी. अडचण जोडणीत येते. स्वस्त आरजी-६ची जाळी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिला डाग बसत नाही, म्हणून ती टेपला स्क्रू आणि वॉशरने आवळा. दुसऱ्या टोकाला एफ कनेक्टर आणि एफ-ते-एसएमए अडॅप्टर.

अँटेना धरायची कशी?

आखूड टोक, म्हणजे ८९ सेंटिमीटरचं, स्थानकाकडे. उगवण्याच्या दिशेला क्षितिजाच्या थोडं वर रोखून उभे राहा आणि अ‍ॅपमधल्या खुणेसोबत सावकाश फिरत जा. नेम अगदी अचूक लागत नाही, वीस-तीस अंश इकडेतिकडे चालतं. आवाज अचानक बुडाला तर दिशा बदलण्याआधी मनगट फिरवून अँटेना आडवीची उभी करा. लहरींचं ध्रुवण, म्हणजे त्यांची डोलायची दिशा, पासभर बदलत राहतं आणि बहुतेक वेळा तेच कारण असतं.

स्थानक जवळ येताना आणि दूर जाताना फ्रिक्वेन्सी बदलते म्हणतात, ते काय?

तो डॉप्लर परिणाम. १४५.८०० वर तो साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत असतो, म्हणजे वर सांगितलेल्या रुंदीत काही करावं लागत नाही. ४३७.८०० वर मात्र दहा किलोहर्ट्झच्या वर जातो. तिथे ४३७.८१० ने सुरू करा, मग ८०५, डोक्यावर असताना ८००, पुढे ७९५ आणि शेवटी ७९०. आवाज फाटायला लागला की खालची पायरी.

चित्रं येतात ती कशी मिळवायची?

ती स्लो स्कॅन टीव्हीची, म्हणजे आवाजात बदलून पाठवलेली चित्रं. वर्षात काही ठराविक दिवस, बहुधा एखाद्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने, ती १४५.८०० वर सोडली जातात. तारखा एरिस आधी जाहीर करते. नेहमीचा मोड पीडी-१२०: एका चित्राला दोन मिनिटांच्या किंचित वर, आणि पुढचं चित्र सुरू होण्याआधी साधारण तेवढीच विश्रांती. एका चांगल्या पासमध्ये दोन, फार तर तीन चित्रं पदरात पडतात.

अँड्रॉइडवर 'रोबोट३६' अ‍ॅप उघडून फोन स्पीकरपासून वीतभर अंतरावर ठेवला तरी चित्र उतरू लागतं. तेव्हा बाजूला कोणी बोलू नये आणि फोन विमान मोडवर असावा. एक मेसेज टुणकन वाजला की चित्रावर आडवा पट्टा पडतो. आमचा आग्रह मात्र वेगळा आहे: पासचा आवाज लॅपटॉपवर डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये नोंदवा आणि नंतर एमएमएसएसटीव्ही किंवा क्यूएसएसटीव्ही या सॉफ्टवेअरमध्ये शांतपणे उलगडा. फोनचा व्हॉइस रेकॉर्डर टाळा. तो सलग सुराला गोंगाट समजून दाबून टाकतो आणि चित्राचा रंगच जातो. चित्र तिरकं आलं तर दोष सिग्नलचा नाही, साउंड कार्डच्या घड्याळाचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये तिरकेपणा दुरुस्त करायची सोय असते.

चित्रावर ठरावीक अंतराने बारीक रेघा येतात. स्थानकाचा बिघाड आहे का?

शेजारच्या वावरातली झटका मशीन असणार. रोही आणि रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला झटका साधारण सेकंदाला एक असतो आणि गवत तारेला टेकलेलं असेल किंवा इन्सुलेटर फुटलेला असेल तिथे ठिणगी उडते. तीच टक-टक तुमच्या आवाजात आणि चित्रात उतरते. रात्री कुंपणाच्या कडेने छोटा एएम रेडिओ घेऊन चाललात तर ठिणगीची जागा लगेच सापडते. गवत काढलं की गोंगाट गेला आणि शेतकऱ्याच्या कुंपणाचा जोरही वाढला, त्यामुळे सांगायला संकोच करू नका. मशीन बंद करायला मात्र सांगू नका. एका रात्रीत तुरीचं नुकसान होतं.

सतत घरघर येत असेल तर संशय स्वस्त एलईडी बल्बवर, लॅपटॉपच्या चार्जरवर किंवा सौर पंपाच्या कंट्रोलरवर घ्या. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, घराचा मेन स्विच पाच मिनिटं पाडून बघा. तरी घरघर राहिली तर ११ केव्हीच्या लाईनचा इन्सुलेटर तडकलेला असू शकतो. धुऱ्यावर दोन-तीनशे मीटर दूर जाऊन ऐका.

ऊन आणि पावसाळा यात काय जपावं?

एप्रिल-मे मध्ये डोंगल आणि फोन उन्हात ठेवू नका. टिनाच्या छपरावर तर अजिबात नाही. पासच्या वीस मिनिटं आधी डोंगल लावून ठेवला की तापमान स्थिर होतं.

पावसाळ्यात नियम एकच: गडगडाट ऐकू आला की मोकळ्या वावरातून बाहेर पडा. विदर्भात दरवर्षी शेतात वीज पडून माणसं जातात. हातात लोखंडी पट्ट्यांची अँटेना घेऊन कुठल्याही पाससाठी थांबू नये. छतावर कायमची अँटेना असेल तर ढग दाटण्याआधी केबल रिसीव्हरपासून सोडवून घराबाहेर ठेवा. आणि खांब उभा करताना तो आडवा पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचणार नाही, एवढं अंतर आधी मोजा.

ऐकून झालं, आता बोलायचं आहे. काय लागेल?

परवाना. परीक्षा दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. वय किमान १२. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे परवान्याच्या प्राथमिक श्रेणीला, मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक भाषा) लागत नाही. रेडिओ मॉनिटरिंगचं केंद्र नागपूरलाही आहे, तेव्हा परीक्षेची चौकशी तिथून सुरू करा. परवाना हाती येईपर्यंत ट्रान्समिट करणारा सेट विकत घेऊ नका, ऑनलाइन कितीही स्वस्त दिसला तरी. विनापरवाना बटण दाबणं हा गुन्हा आहे, आणि एका पासमध्ये एकाच वेळी अनेक देशांतली माणसं स्थानकाकडे डोळे लावून असतात. त्यांचा संपर्कही मोडतो.

परवाना मिळाल्यावर रिपीटरसाठी १४५.९९० वर ६७ हर्ट्झचा टोन (बोलण्यासोबत जाणारा खर्जातला सूर) लावून पाठवायचं आणि ४३७.८०० वर ऐकायचं. ५ वॅट आणि हातातली यागी पुरते. आधी ऐका, मोकळी जागा मिळाली की कॉल साइन आणि ग्रिड (आपल्या ठिकाणाचा नकाशावरचा संकेतांक) सांगा, उत्तर आलं की दोन वाक्यांत आटपा. ग्रिड असे: नागपूर, भंडारा एमएल९१, वर्धा, यवतमाळ एमएल९०, अमरावती, अकोला, बुलढाणा एमएल८०, चंद्रपूर शहर एमके९९, गोंदिया एनएल०१. तालुक्यागणिक बदलू शकतो, नकाशावर खात्री करा. १४५.८०० वर कधीही ट्रान्समिट करायचं नाही, ती स्थानकाची बोलण्याची जागा आहे.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला अंतराळवीराशी बोलता येईल का?

अर्ज करता येतो. एरिसकडे शाळांचे अर्ज ठरावीक काळात घेतले जातात आणि त्यात मुलं काय शिकणार याचा आराखडा मागतात. नुसती इच्छा पुरत नाही. दोन प्रकार असतात. थेट संपर्कात शाळेतच स्टेशन उभारावं लागतं: दोन दिशांत फिरणारी यागी, कॉम्प्युटरवरून तिने स्थानकाचा पाठलाग करण्याची सोय, प्रीअँप (क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र), दुसरा पूर्ण राखीव सेट आणि वीज गेली तरी चालणारी बॅटरी. दुसरा प्रकार टेलिब्रिज: दुसऱ्या देशातलं एखादं अनुभवी स्टेशन स्थानकाशी बोलतं आणि आवाज फोन-इंटरनेटने शाळेत येतो. ग्रामीण शाळेला आम्ही टेलिब्रिजच सुचवतो.

वेळ मिळते दहा मिनिटांच्या आत. दहा-बारा मुलांनी रांगेत उभं राहून इंग्रजीत एकेक छोटा प्रश्न विचारायचा आणि शेवटी 'ओव्हर' म्हणायचं. सराव घड्याळ लावून करा. मुलं माइकपासून दूर उभी राहतात आणि 'ओव्हर' विसरतात, या दोन गोष्टींतच सेकंद वाया जातात.

अर्जाआधी वर्षभर शाळेत ऐकण्याचा गट चालवा. यागी करणं, पास काढणं, चित्र उतरवणं हे सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमतं आणि अर्जातही तेच मोलाचं ठरतं.

सगळं बरोबर केलं तरी काही ऐकू आलं नाही. आता?

या क्रमाने तपासा. सेट चालू होता का, सद्यस्थिती बघा. पासची वेळ यूटीसीची तर नव्हती? फोनचं ठिकाण भलतंच तर नाही? डोंगलवर ओळखीचं एफएम केंद्र त्याच्या नेमक्या आकड्यावर येतं का? येत नसेल तर पीपीएम दुरुस्त करा. केबलच्या मधल्या तारेचा जाळीशी शॉर्ट आहे का, हे मल्टिमीटरने बघताना यू तार आधी एका बाजूने सोडवा, नाहीतर ती नेहमीच शॉर्ट दाखवेल. स्क्वेल्च उघडा होता का? हे सगळं ठीक असेल तर पुढचा ४५ अंशांच्या वरचा पास घ्या.

ऐकल्याची नोंद कुठे पाठवायची?

चित्र मिळालं तर एरिसच्या चित्रसंग्रहात टाका. त्या-त्या कार्यक्रमासाठी बहुधा प्रमाणपत्रही मिळतं. आवाज ऐकला असेल तर क्यूएसएल कार्डासाठी, म्हणजे ऐकल्याची खात्री देणाऱ्या पोस्टकार्डासाठी, अहवाल पाठवता येतो. त्यात तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड, गावाचं नाव आणि ग्रिड, रिसीव्हर-अँटेनाची माहिती आणि ऐकलेल्या कॉल साइन लिहा: अमेरिकन एनए१एसएस, रशियन आरएस०आयएसएस, युरोपीय ओआर४आयएसएस. पत्ता भागानुसार वेगळा असतो, तो एरिसच्या पानावरून घ्या.